वैमानिकाची आठवण

गोंदिया शहरापासून सुमारे १२ किलोमीटरांवर, धानाच्या बांध्यांमध्ये, बिरसी हे गाव वसलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने येथे विमानांसाठी धावपट्टी बांधली. पुढे याच ठिकाणी नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट ही संस्था आली व दूरदूरचे तरुण-तरुणी विमान चालविण्यास शिकू लागले. हा पेशा किती जोखमीचा आहे, हे बिरसीच्या लोकांना सांगावे लागत नाही. १८ मार्च २०२३ रोजी येथून उडालेले एक शिकाऊ विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील टेकड्यांत कोसळले आणि त्यातील प्रशिक्षक व विद्यार्थिनी दोघेही प्राणांस मुकले.

आजकाल विमानविद्येची पहिली ओळख मुलांना बहुधा मोबाईलच्या पडद्यावर होते. समाजमाध्यमांवर विमानांविषयी बोलून लोकप्रिय झालेली कितीतरी मंडळी आहेत. त्यांच्याविषयी वैमानिकांचे मत एकसारखे नाही. ज्याच्या घरातील कोणीही विमानात बसलेले नाही, अशा खेड्यातील मुलाला कॉकपिट आतून पाहावयास मिळते, याचा कित्येकांना आनंद वाटतो. आणि तो रास्तच आहे. परंतु उड्डाण करता करता कॅमेऱ्याकडे पाहून हसणारा वैमानिक मात्र जाणत्यांना रुचत नाही. प्रवासी विमान १०,००० फुटांच्या खाली असताना कामाव्यतिरिक्त एक शब्दही बोलू नये, असा दंडक आहे. चढताना व उतरताना चित्त किंचित ढळले, तरी सावरण्यास अवधी उरत नाही.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. प्रसिद्धीसाठी सांगितलेल्या कथेत नायक कधी चुकत नाही. उलट, शिकाऊ वैमानिक खाली उतरला की प्रशिक्षक त्याला प्रथम बसवून घेतो आणि काय चुकले ते विचारतो. वेग कोठे कमी पडला, वळण कोठे रुंद झाले, हे स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते. नंतर नोंदवहीत तारीख, विमान व उड्डाणाचा काळ लिहावयाचा. त्या वहीत शौर्याचा रकाना नसतो!

लढाऊ वैमानिकांच्या आठवणींतही हीच रीत दिसते. दिलीप परूळकर हे भारतीय वायुसेनेतील मराठी वैमानिक. १९६५ च्या युद्धात शत्रूच्या गोळीने त्यांचा हात जखमी झाला. विमान सोडून उडी घेण्याचा सल्ला मिळाला असताही त्यांनी ते तळावर परत आणले. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे विमान पाडले गेले व ते पाकिस्तानात युद्धकैदी झाले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये एका वादळी रात्री, रावळपिंडीच्या बंदिवासाची भिंत फोडून, ग्रेवाल व हरीश सिंहजी या सहकाऱ्यांसह ते निसटले. बसने पेशावर गाठून पुढे ते खैबर खिंडीतील लांडी कोतलपर्यंत पोहोचले. अफगाण सरहद्द अवघ्या सहासात किलोमीटरांवर राहिली होती.

तेथे त्यांनी लांडीखाना या रेल्वे स्थानकाची वाट विचारली. नकाशात ते नाव होते. पण ते स्थानक १९३२ सालीच बंद पडले होते. चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या स्थानकाची चौकशी करणारे हे परके कोण, असा संशय लोकांना आला आणि तिघेही पकडले गेले. १ डिसेंबर १९७२ रोजी ते मायदेशी परतले.

भिंत फोडण्याचा प्रसंग रंगवून सांगणारे आज अनेक आहेत, आणि ते धाडस होतेच तसे. परंतु सुटकेच्या या हकिकतीतून लांडीखान्याचा तो प्रश्न वगळला, तर इतके जवळ जाऊनही ते तिघे का पकडले गेले हे कोणालाच उमगणार नाही. परूळकरांचे निधन ऑगस्ट २०२५ मध्ये झाले. त्या फसलेल्या प्रश्नासकट ती हकिकत मागे राहिली आहे.