मावळ्यांचे उत्खनन : इतिहासाच्या साधनांचा एक पाठ

हेतू : जमिनीत सापडलेली वस्तू एकटी फारसे बोलत नाही. ती कोणत्या थरात व कशाच्या सोबतीने होती, यावरून तिचा काळ ठरतो. हे मुलांच्या मनावर ठसविणे, हा या पाठाचा हेतू आहे.

साहित्य : दिवाळीचा किल्ला मोडल्यावर उरलेले मातीचे मावळे, हातभर लांबीचे खोके, मुरूम, पांढरी व काळी माती, खापरे, काचेच्या बांगडीचा तुकडा, बाटलीचे बूच व सदऱ्याची गुंडी. महाराजांची मूर्ती मात्र या विनोदी देखाव्यात घेऊ नये.

रचना : तळाशी मुरूम, त्यावर पांढऱ्या मातीत खापरे, त्यावर काळ्या मातीत बांगडीचा तुकडा व सर्वांत वर धुळीत बूच ठेवावे. प्रत्येक थर ओला करून चोपावा. कोपऱ्यात वरून मुरमापर्यंत एक अरुंद खड्डा खणावा, तळाशी गुंडी टाकावी व तो सैल मातीने बुजवावा. मध्यभागी ताठ कडांचा चौकोनी खड्डा घेऊन त्याभोवती सुतळी ताणावी.

आता मावळे कामाला लावावेत. गोलंदाजाने काम लवकर उरकावे म्हणून खड्ड्यावरच तोफ रोखलेली असावी. घोडेस्वार अगदी कडेवर उभा राहून कड ढासळवीत असावा. एक मावळा सर्व थरांतील वस्तू एकाच टोपलीत कोंबीत असावा. भालाईताच्या भाल्यावर काळेपांढरे पट्टे ओढून त्याची मोजकाठी करावी, आणि गवळणीच्या डोक्यावर मातीची पाटी द्यावी.

चर्चा : मुले हसतील, त्यांना हसू द्यावे. मग ‘यांत चुकतो कोण, आणि का?’ असे विचारावे. खड्ड्याची कड हे थर वाचण्याचे पान आहे, म्हणून घोडेस्वार चुकतो. सर्वांत मोठा अपराध टोपलीवाल्याचा. कारण त्याच्या हातून काहीच फुटलेले नाही, तरी पुरावा नाहीसा झाला आहे. शेवटी गुंडी दाखवून, नवी वस्तू खापरांच्याही खाली कशी गेली, हे मुलांकडूनच काढून घ्यावे.

उदाहरणे : १९७४ साली अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद येथे झाडाचे मूळ खणताना एका ग्रामस्थास ब्राँझचे बैलजोडीचे रथ हाकणाऱ्या पुरुषासह शिल्प, हत्ती, गेंडा व रेडा अशा चार वस्तू मिळाल्या. त्यांचे वजन साठ किलोंहून अधिक आहे. परंतु शास्त्रीय उत्खननात त्या थरासह नोंदल्या न गेल्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिले. याउलट पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात नोंदी ठेवून खणले. तेथे पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात पुरलेला पुरुष सापडला. रांजण कोठे होता हे नोंदलेले असल्यामुळेच तो गावाचा प्रमुख असावा, असे अनुमान करता आले.

सूचना : अनेक गावांलगत पांढरीचे टेकाड असते व तेथील माती गाड्या भरून नेली जाते. मुलांनी तेथे स्वतः खणू नये. काही दिसल्यास वस्तू न हलविता जागा लक्षात ठेवावी व गुरुजींना सांगावे. शिक्षकांनी तहसील कार्यालयास कळवावे. भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस सूचना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने आवश्यक आहे. मुलांनी टोपलीवाल्या मावळ्याची चूक एकदा ओळखली, म्हणजे गावातील टेकाडाला शाळेएवढे राखणदार मिळतील.