चिखलदऱ्याला एसटीनं जाशील तर

बाई, सॅक भरायच्या आधी कॅलेंडर पाहजो. शनिवार-रविवार नको, आणि 15 ऑगस्टला लागून आलेल्या सुट्ट्या तर मुळीच नको. त्या दिवसांत सगळं वऱ्हाड गाड्या काढून घाट चढतं, अन् एसटीही त्यांच्यामागं अडकून पडते. मंगळवारी नाहीतर बुधवारी निघ. श्रावणातला शेवटचा सोमवारही टाळ. आदल्या रात्रीपासून कावडवाले गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरून अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघालेले असतात; अकोटचा रस्ता त्या दिवशी त्यांचा असतो, आणि तो त्यांचाच असू द्यावा.

अकोल्याहून निघशील ती पहाटेच्या गाडीनं. थेट चिखलदरा गाडीची वाट पाहत स्टँडवर बसून राहू नको. अकोट, अंजनगाव, परतवाडा असे तुकडे कर, नाहीतर दर्यापूरवरून जा. परतवाड्याला पोचलीस की अर्धं काम झालं, पुढच्या गाड्या तिथूनच सुटतात. तिकीट तुला अर्धंच पडेल, मार्च 2023 पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं आहे. तरी सुट्टे पैसे जवळ ठेवजो. फोनवरून पैसे द्यायची सोय आली, पण डोंगरात रेंजचा भरवसा नाही.

सॅक एवढीच घे की मांडीवर मावेल. वरची फळी अरुंद असते, फुगलेली सॅक प्रत्येक वळणावर कोणाच्या तरी डोक्यावर येते. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची रीत तुझ्या आईलाही येत होती, ती तूही शीक. मात्र चाकावरची सीट अन् मागची लांब सीट धरू नको. घाटात तिथं आतडी वर येतात. परतवाड्याच्या स्टँडबाहेर संत्री मिळतात, दोन घे. ओकारीसारखं वाटलं तर साल नखानं दाबून नाकाशी धर. गोळीपेक्षा मला त्याचाच गुण येतो.

पाणी घरूनच नेजो. अकोल्यापासून दर्यापूर-अंजनगावपर्यंतचा पूर्णाकाठ म्हणजे खारपाण पट्टा. हापशाचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि तेच पिऊन इथल्या माणसांचे मूत्रपिंडाचे आजार वाढले. खिडकीतून काळीशार जमीन पाहशील तेव्हा हे लक्षात असू दे, तिच्या पोटात गोड पाणी नाही.

या रस्त्यावर झोपून जाऊ नको. तू ज्या मुलखातून जातेस तिथं 1803 साली एका महिन्यात भोसले अन् शिंदे दोघांनाही इंग्रजांपुढं झुकावं लागलं. आपल्या जिल्ह्यातल्या अडगावला 29 नोव्हेंबरला लढाई झाली. इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीपुढं नागपूरकर भोसल्यांची फौज मोडली आणि उरलेली गाविलगडावर गेली. 15 डिसेंबरला इंग्रजांनी तोफांनी तट फोडला अन् गड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढत पडला. दोन दिवसांनी भोसल्यांनी देवगावला तह केला. आणि 30 डिसेंबरला शिंद्यांनी तह केला तो सुर्जी अंजनगावला, म्हणजे तुझी गाडी जिथं थांबते अन् लोक पानाच्या करंड्या चढवतात तिथं. शाळेत हे सगळं दोन ओळींत उरकतात याचं मला अजूनही वाईट वाटतं. बसच्या खिडकीतून ते अंतरासकट समजतं. उत्तरेकडं निळी रेघ दिसायला लागली की समज, तो सातपुडा, आणि त्याच्याच एका सोंडेवर तो गड.

परतवाड्याहून घाट सुरू झाला की कान दुखतील, गिळत राहजो. वर चिखलदरा 1118 मीटरवर आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जातो, वर मात्र रात्री पांघरूण लागतं. पावसाळ्यात धुकं एवढं दाट येतं की हाताच्या अंतरावरचा माणूस दिसत नाही, म्हणून पॉइंटच्या कठड्यापलीकडं पाऊल टाकू नको, कोणी कितीही फोटोचा आग्रह केला तरी. ओलं होणारच आहेस. एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सॅकच्या तळाशी ठेवजो आणि तो फक्त झोपताना घालजो.

गाडीतून उतरल्याबरोबर, चहाही न घेता, परतीची गाडी विचार. कंडक्टरला विचार, स्टँडवर विचार, टपरीवाल्याला विचार. तिघांचं उत्तर जुळलं तर ते खरं. परतवाड्याला जाणारी शेवटची गाडी कितीची हे कळलं की मग ते गाव तुझं. हे ज्यांनी विचारलं नाही ते दिवसभर घड्याळ पाहत फिरतात, नाहीतर अंधारात जीपवाल्याच्या मर्जीवर खाली उतरतात.

दोन रात्री राहजोच. एका दिवसात देवी पॉइंट, भीमकुंड, पंचबोल असं पळत पाहणाऱ्यांना चिखलदरा कळत नाही, हे मी ठामपणे सांगते. पहिल्या दिवशी काही पाहूच नको. तळ्यावर बस, कॉफीची झाडं पाहा. हो, आपल्या विदर्भात कॉफी पिकते. दुपारी गाड्या उतरून गेल्या की गाव एकदम मोकळं होतं. खरी पाहायची वेळ ती.

गाविलगडाला दुसरी सकाळ दे, उजाडल्यावर. भल्या पहाटे अन् दिवेलागणीला तिकडं जायचं नाही. तो भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे, 1974 पासूनचा राखीव मुलूख, आणि वाघापेक्षा अस्वलाचं भ्या जास्त. वाघ बाजूला होतो, अस्वल अचानक समोर आलं की अंगावर येतं. एकटी जाऊ नको, बोलत बोलत चाल. खायचं काही हातात धरू नको, वानरं हिसकतात. दरवाज्यावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे, तिथं थांबून नीट पाहजो. पंधराव्या शतकातला बहामनी काळ, पुढं इमादशाही, मग भोसले, सगळे याच वाटेनं आत गेले.

आता एक गोष्ट मनापासून सांगते. मेळघाट म्हटलं की आपल्या वर्तमानपत्रात कुपोषणच येतं. ते खरं आहे, अन् त्याची लाज आपल्याला वाटलीच पाहिजे. पण तिथला कोरकू आदिवासी माणूस म्हणजे नुसतं दुःख नाही. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, मुंडा कुळातली आहे; तुला एक शब्द कळणार नाही. म्हणून गावात शिरताना आधी उभी राहा, दारातल्या म्हाताऱ्या बाईकडं पाहून हात जोड, बोलावलं तर जा. घरांचे, पोरांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. घरांच्या भिंती पाहजो, माती-शेणानं इतक्या सफाईनं सारवलेल्या की हात लावावासा वाटतो. होळीच्या दिवसांत गेलीस तर रस्त्यात पोरं-बाया गाडी अडवून फगवा मागतील. घाबरू नको, हुज्जत घालू नको. त्यांचा तो वर्षाचा मोठा सण, आणि पाहुण्यानं फगवा द्यायचा असतो. दहा-वीसच्या नोटा वेगळ्या काढून वरच्या खिशात ठेवजो आणि हसून देजो.

जेवायला हॉटेलात पंजाबी मागवू नको. ज्वारीची भाकर, पिठलं, मिरचीचा ठेचा सांग, आधी सांगितलं तर करून देतात. उघड्यावरचं कापलेलं फळ नको. बाकी पोटाला काही होत नाही.

परतीच्या सकाळी मोथ्याला जा. गवळ्यांचं गाव ते, दूध-खवा अजून चांगला मिळतो. गाविलगडाचं नाव या गवळ्यांवरूनच आलं म्हणतात. खव्यासाठी झाकणाचा स्टीलचा डबा घरूनच नेजो, प्लास्टिकच्या पिशवीत घेतलास तर अंजनगाव यायच्या आत वास मारतो. डबा ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरजो, सॅकमध्ये कोंबू नको. आणि घरी आलीस की रात्र काढायची नाही, त्याच संध्याकाळी साखर घालून कढईत परतून टाकायचा.