नेटबुकचा बायोस उघडत नाही?

प्रश्न : माझ्याकडे एसुसचा जुना ईई पीसी आहे. पेन ड्राइव्हवरून लिनक्स टाकायचे आहे; पण बायोस उघडण्याआधीच विंडोज सुरू होते. काय करू?

उत्तर : लॅपटॉप पूर्ण बंद करा, झाकण मिटून झोपवलेला चालणार नाही. पॉवरचे बटण दाबताच एफ२ टकटक दाबत राहा. कंपनीचा लोगो दिसेपर्यंत थांबलात, तर बऱ्याचदा उशीर होतो. बायोस उघडल्यावर ‘बूट’ विभागात ‘बूट बूस्टर’ असेल, तर तो बंद करा. एफ१० दाबून बदल जतन करा. मग पेन ड्राइव्ह लावून सुरू करताना एस्केप दाबा. यादीतून पेन ड्राइव्ह निवडा. अर्थ माहीत नसलेल्या सेटिंगला मात्र हात लावू नका.