आर्लिंग्टनचा वाडा

अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानांत पोटोमॅक नदीच्या कांठीं एका टेकडीवर आर्लिंग्टन नांवाचा वाडा आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नीचे नातू पार्क कस्टिस यांनीं तो १८०२ सालीं बांधावयास घेऊन १८१८ मध्यें पुरा केला. तो बांधणारे व भोंवतालचे मळे कसणारे हात गुलामांचे होते.

कस्टिस यांचे जांवई रॉबर्ट ली १८६१ च्या यादवी युद्धांत दक्षिणेकडे गेले, तेव्हां उत्तरेच्या सैन्यानें वाडा ताब्यांत घेतला. १८६३ मध्यें त्या जमिनीवर मुक्त गुलामांची वसाहत झाली, तेथें शाळाही निघाली. १८६४ पासून सैनिकांचें दफन होऊं लागलें. लींच्या पुत्रानें १८८२ मध्यें न्यायालयांत दावा जिंकला. परंतु पुढील वर्षीं सरकारनें दीड लक्ष डॉलर देऊन ती मिळकत विकत घेतली.

आज वाडा राष्ट्रीय स्मारक आहे. त्याच्या मागील गुलामांच्या खोल्याही जतन केलेल्या आहेत. तेथेंच गुलाम म्हणून जन्मलेले जेम्स पार्क्स यांनीं मुक्तीनंतर त्या दफनभूमींत कित्येक कबरी खणल्या. १९२९ मध्यें ते वारले, तेव्हां लष्करी मानानें त्यांचें दफन त्याच भूमींत झालें. त्या मळ्यावर जन्मून तेथें विसांवा पावलेले ते एकटेच होत. जुनी वास्तु पाहतांना तिच्या धन्याबरोबर तेथें राबलेल्यांचीही विचारपूस करावी, हा धडा आपण घ्यावा.