परदेशप्रवास आणि रोमिंगचा खर्च

१५ जुलै २०१९ रोजी इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून दुबईकडे पहिले आंतरराष्ट्रीय विमान निघाले आणि परदेश आपल्या नगरीस जवळ आला. तथापि प्रवासाहून परतल्यावर मोबाईलचे बिल पाहून कित्येकांना धक्का बसतो. याचे कारण काय?

परदेशात फोन तेथील कंपनीच्या मनोऱ्याशी जोडला जातो. ती कंपनी आपल्या कंपनीकडून व आपली कंपनी आपल्याकडून त्याचा मोबदला घेते. यासच रोमिंग म्हणतात. फोन खिशात असला तरी स्वस्थ नसतो. छायाचित्रे साठविणे, ॲप अद्ययावत करणे ही कामे तो न विचारता करीत राहतो. खर्च वाढतो तो असा, नकळत.

युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून सदस्य देशांतील ग्राहकांपुरता हा अधिभार रद्द केला. भारतीय सिमला त्याचा लाभ नाही. म्हणून दक्षता आपणच घ्यावी. निघण्यापूर्वीच ‘डेटा रोमिंग’ बंद करावे व नकाशे घरीच उतरवून घ्यावेत. आवश्यकता असल्यास आंतरराष्ट्रीय पॅक अथवा तेथील सिम घ्यावे. पॅकमध्ये तो देश समाविष्ट आहे ना, हे पाहावे. पॅक नसता आलेला कॉल घेतल्यासही पैसे पडू शकतात, हे विसरू नये. खुशाली मुक्कामाच्या वायफायवरून कळवावी.

आजी-आजोबा परदेशी निघाले, तर हे एक बटण त्यांना दाखवून देणे हे तुमचे कर्तव्य होय.