मढच्या किनाऱ्यावर कोणता कॅमेरा न्यावा?

समजा तुमच्या शाळेच्या निसर्गमंडळाने मढची सहल ठरवली आहे. वर्सोव्याच्या धक्क्यावरून होडीत बसायचे, मालाडच्या खाडीचे मुख ओलांडायचे आणि पलीकडे मढला उतरायचे. बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील, खाडीकाठची खारफुटी, तिच्या मुळांशी चिखलात उड्या मारणारे निवटी मासे, समुद्राकडच्या खडकांना चिकटलेली कालवे, असे पुष्कळ काही तेथे पाहण्यासारखे आहे. मंडळाकडे वर्गणीतून एक छोटा डिजिटल कॅमेरा घेण्यापुरते पैसेही जमले आहेत. तुम्ही दुकानात जाता आणि विक्रेता पहिलाच आकडा सांगतो, "हा बघा, वीस मेगापिक्सेल!" शेजारचा बाराचा. मग वीसवाला चांगला, नाही का?

उत्तर देण्याआधी आपण पंचांग उघडू या. कॅमेऱ्याचा आणि पंचांगाचा काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. पण मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना, सोपा नियम आहे: तिथीच्या अंकाला पाऊणने गुणावे, म्हणजे भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पुढल्या द्वितीयेला दीड वाजता. नियम स्थूल आहे; नेमकी वेळ भरतीच्या छापील कोष्टकातच पाहावी. पण एवढ्यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात तेव्हा, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या व त्यानंतरच्या एकदोन दिवसांत, उधाण येते. पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खालीही उतरते. एरवी न दिसणारे खडक व डबकी उघडी पडतात ती याच ओहोटीला. आणि भरती बारा-एकच्या आसपास असली, तर तिच्या सहा तास आधी व नंतर येणारी ही ओहोटी पहाटे नाहीतर संध्याकाळी येते!

म्हणजे भर दुपारी लख्ख उजेड असतो तेव्हा ते खडक पाण्याखाली असतात. आणि खडक उघडे पडतात तेव्हा सूर्य जेमतेम क्षितिजावर असतो. अष्टमीच्या सुमारास दुपारी ओहोटी मिळते खरी, पण ती भांगाची. पाणी फारसे मागे हटतच नाही. तेव्हा मढच्या खडकांवर न्यायचा कॅमेरा अंधूक प्रकाशात काम करणारा हवा.

अंधूक म्हणजे किती? भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स इतका प्रकाश पडतो. सूर्योदयाच्या क्षणी तो सुमारे ४०० लक्स असतो. म्हणजे अडीचशेवा हिस्सा. आपले डोळे इतके सहज जुळवून घेतात की आपल्याला हा फरक जाणवत नाही. कॅमेऱ्याला मात्र तो चुकवता येत नाही.

आता कॅमेऱ्याच्या भिंगाकडे पाहा. त्याच्याभोवती बारीक अक्षरांत काही आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ '४.५-१८ मिमी, १:२.०-४.९'. पहिली जोडी नाभीय अंतराची. दुसरी जोडी छिद्रांकाची. नाभीय अंतराला भिंगाच्या उघड्या छिद्राच्या व्यासाने भागले की छिद्रांक मिळतो. आकडा लहान, तर छिद्र मोठे. संवेदकावर पडणारा प्रकाश छिद्रांकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून २.० आणि ४.९ यांत दिसायला अडीचपट फरक असला तरी प्रकाशात तो सहापट आहे.

फिल्मच्या काळातील छायाचित्रकारांचा एक पाठ असलेला नियम होता: स्वच्छ उन्हात १०० वेगाची फिल्म असेल, तर छिद्रांक १६ ठेवावा आणि शटर १/१०० सेकंद उघडावे. डिजिटल कॅमेऱ्यालाही तो लागू पडतो. वही घ्या आणि गणित करा. छिद्रांक १६ वरून २ वर आणला की प्रकाश ६४ पट होतो, म्हणजे उन्हात १/६४०० सेकंद पुरे. सूर्योदयाला प्रकाश अडीचशेपट कमी, म्हणून सुमारे १/२५ सेकंद. हात स्थिर असेल तर चित्र निघेल. पण छिद्रांक ४.९ असेल तर सहापट वेळ लागेल, म्हणजे जवळजवळ पाव सेकंद. तेवढ्यात तुमचा हात हलेल, शिवाय खेकडा बिळात जाईल.

यावर विक्रेता म्हणेल, "आयएसओ वाढवा." आयएसओ वाढवले की प्रकाश वाढत नाही, मिळालेल्या क्षीण विद्युतसंदेशाचे फक्त वर्धन होते. प्रकाश कणाकणांनी येतो. संवेदकाच्या एका घरात सरासरी १०० कण पडणार असतील, तर प्रत्यक्षात कुठे ९०, कुठे ११० पडतात. चढउतार सुमारे दहा टक्के. सरासरी १०,००० कण पडत असतील तर चढउतार १०० चा, म्हणजे एकच टक्का. अंधारातल्या चित्रात जी रवाळ खळ दिसते ती बरीचशी या चढउताराची असते. आवाज मोठा केला म्हणून खरखर जात नाही, तसेच हे.

म्हणून दुसरा आकडा विचारायचा तो संवेदकाच्या क्षेत्रफळाचा. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कोणात जास्त जमेल हे सांगायला नको. पुष्कळशा छोट्या कॅमेऱ्यांत '१/२.३ इंची' संवेदक असतो. तो प्रत्यक्षात सुमारे ६.२ × ४.६ मिमी, म्हणजे २८ चौरस मिमी. हातातल्या करंगळीच्या नखाहूनही लहान! 'एक इंची' संवेदक १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे ११६ चौरस मिमी. चौपटीहून थोडा अधिक. (पट्टी घेऊन यात एक इंच शोधू नका, सापडणार नाही. जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील काचेच्या नळीचा बाहेरचा व्यास मोजण्याची पद्धत होती, तीच भाषा अजून चालू राहिली आहे. माझ्या मते ग्राहकाला गोंधळात टाकणारी याहून चांगली पद्धत शोधून काढणे कठीण आहे.)

आणि मेगापिक्सेल? मेगापिक्सेल म्हणजे त्या परातीचे किती घरांत विभाजन केले आहे तो आकडा. घरे वाढवून पाऊस वाढत नाही. अमेरिकेत कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा त्याच्या चित्रात १०० × १०० म्हणजे दहा हजारच बिंदू होते आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदायला २३ सेकंद लागत. तेव्हा बिंदू वाढवणे ही खरी गरज होती. आज ६ × ४ इंचांच्या छापील चित्राला, इंचाला ३०० बिंदू धरले तरी, १८०० × १२०० म्हणजे सुमारे २२ लाख बिंदू पुरतात. शाळेच्या फलकावर लावायच्या ए-४ आकाराच्या चित्राला सुमारे ८७ लाख. बारा मेगापिक्सेल म्हणजे एक कोटी वीस लाख. मग वीस कशाला?

एक प्रयोजन सांगितले जाते ते दूरच्या पक्ष्यांचे. चित्राचा तुकडा कापून मोठा करता येईल, असे. तेही तपासून पाहू. खाडीच्या चिखलात तीस मीटरवर ६० सेंमी लांबीचा छोटा बगळा उभा आहे. प्रतिमेची लांबी = वस्तूची लांबी × नाभीय अंतर ÷ वस्तूचे अंतर. नाभीय अंतर १८ मिमी असेल तर प्रतिमा ६०० × १८ ÷ ३०,००० = ०.३६ मिमी. चित्राच्या उंचीचा जेमतेम तेरावा भाग. १२३ मिमी नाभीय अंतराच्या लांब भिंगाने तीच प्रतिमा सुमारे अडीच मिमी होते, अर्ध्याहून अधिक चित्र व्यापते. येथे खरे विशालन भिंगाने केले. पेटीवर 'डिजिटल झूम' म्हणून लिहिलेला आकडा सरळ खोडून टाका. ते केवळ कापून ताणणे असते.

पण लांब भिंगाचीही एक किंमत आहे. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात ते पूर्ण लांबीला छिद्रांक ६.४ च्या आसपास जाते. सूर्योदयाला त्याला २.० च्या दहापट वेळ हवा. शिवाय लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते आणि बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता चकती होते. तिचा व्यास अंदाजे २.४४ × तरंगलांबी × छिद्रांक. हिरव्या प्रकाशासाठी २.४४ × ०.५५ × ६.४ म्हणजे सुमारे ८.६ मायक्रॉन. वीस मेगापिक्सेलच्या छोट्या संवेदकावरील एक घर सुमारे १.२ मायक्रॉनचे. एक चकती सात घरे रुंद! मग घरे आणखी बारीक करून नवे काय दिसणार?

पाण्याचा विचार तर करायलाच हवा. मढला पाय घसरणार, कॅमेरा डबक्यात पडणार हे गृहीत धरा. 'आयपीएक्स-७' असे लिहिलेले असेल तर ते उपकरण एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. पण ही चाचणी गोड्या पाण्यातली. खारे पाणी वाळले की मागे मिठाचे स्फटिक राहतात. म्हणून घरी येताच कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा, पुसावा आणि पूर्ण वाळल्यावरच त्याचे झाकण उघडावे. झाकणाच्या रबरी कडीवर वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आत शिरते. जुना जलरोधक कॅमेरा विकत घेत असाल तर ती कडी आधी पाहा. रबर काळाने कडक होते.

आता निवड. २०१९ चा ऑलिंपस टीजी-६ हा १५ मीटर खोलीपर्यंत चालणारा, छिद्रांक २.० चा, बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा. वर दिलेले ४.५-१८ मिमीचे आकडे त्याच्याच भिंगाचे. तो भिंगापासून एक सेंटिमीटरवरची वस्तूही टिपतो. २०१२ चा सोनी आरएक्स-१०० एक इंची संवेदकाचा, छिद्रांक १.८ चा, तेवढ्याच वेळात पाचपट प्रकाश गोळा करतो, पण पाण्यापुढे असहाय. लांब भिंगाचे कॅमेरे वेगळेच. तिन्ही गुण एका खिशात मावत नाहीत. मढच्या खडकांसाठी मी पहिल्या प्रकारचा घेईन आणि बगळ्यांसाठी दुर्बीण व वही. डोंगरातल्या सहलीसाठी माझे मत कदाचित उलटे पडेल. आणि शिक्षकांजवळ चांगला मोबाइल असेल तर आधी तोच नीट वापरून पाहा. वर्गणीचे पैसे दुर्बिणीला उपयोगी पडतील.

छायाचित्रे काढल्यावर ती तशीच पडू देऊ नका. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा गट २०१७ पासून मुंबईच्या किनाऱ्यावरील जीवांच्या नोंदी करतो आहे. अशा नोंदीला चित्र सुंदर असण्यापेक्षा तारीख, वेळ, जागा आणि आकार कळणे महत्त्वाचे असते. म्हणून कॅमेऱ्याचे घड्याळ आदल्या रात्री जुळवा आणि जीवाशेजारी सहा इंची पट्टी ठेवा. दगड उलटलात तर होता तसा परत ठेवा. मढचा किल्ला १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, तो आज हवाई दलाच्या ताब्यात आहे, आणि जवळच मार्वेला नौदलाचे आयएनएस हमला हे केंद्र आहे. तिकडे कॅमेरा रोखू नका.

दुकानात जाल तेव्हा एक वर्तमानपत्र बरोबर न्या. ते काउंटरखाली, सावलीत धरायला मित्राला सांगा. फ्लॅश बंद करून दोन चित्रे घ्या: एक भिंग आखूड ठेवून, एक पूर्ण लांब करून. मग चित्राबरोबर नोंदलेला शटरचा वेळ, छिद्रांक आणि आयएसओ पडद्यावर पाहून वहीत उतरवा, चित्र मोठे करा आणि छोट्या जाहिरातींतली अक्षरे वाचता येतात का पाहा. विक्रेत्याने नकार दिला, तर दुसरे दुकान पाहावे.