जनरेटर धडधाकट, कंट्रोलर मात्र बंद

प्रश्न : पनवेलमधल्या आमच्या सोसायटीच्या जुन्या जनरेटरवर डीप सीचा ५२२० कंट्रोलर आहे. स्क्रीन गेली. विक्रेता म्हणतो, मॉडेल बंद झालंय, पूर्ण सेटच बदला. काय करावं?

उत्तर : सेट बदलायची घाई नको. आधी कंट्रोलर खरंच मेला आहे का, ते पाहा. स्टार्टर फिरताना कंट्रोलरच्या सप्लाय टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. व्होल्टेज फार कोसळत असेल, तर दोष बॅटरीचा किंवा गंजलेल्या अर्थिंगचा. खाडीकडच्या दमट हवेत टर्मिनलवर हिरवट थर चढतोच.

कंट्रोलरच गेला असेल, तर भंगारातला जुना पीस घेऊ नका. तो कुठल्या इंजिनावर होता, कोणाला ठाऊक! त्याच कंपनीचा ७३२० हा ५२२०चा वारसदार. पण जुना काढून नवा चिकटवला, असं होत नाही. टर्मिनलची मांडणी वेगळी, पॅनेलचं भोकही मोजावं लागतं. सीटीचा (करंट ट्रान्सफॉर्मरचा) रेशो, ऑइल प्रेशर सेंडरचा प्रकार, मॅग्नेटिक पिकअप असल्यास फ्लायव्हीलचे दात हे सगळं नव्याने भरावं लागतं. म्हणून जुन्या वायरिंगचे फोटो काढा, प्रत्येक तारेला नंबर लावा. सेट चालू असताना सीटीची तार सोडवू नका. तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं.

बिल चुकतं करण्याआधी, सेट चालू असताना तंत्रज्ञाला ऑइल प्रेशर स्विचची तार बॉडीला टेकवायला सांगा. इंजिन बंद पडलं नाही, तर पैसे देऊ नका.